नार्नूरच्या तलावावर गळाचा एक दिवस

पुसात नार्नूरची खामदेवाची आणि केसलापूरची नागोबाची जत्रा आटोपली, की तेलंगणातल्या आदिलाबादच्या या डोंगरपट्ट्यातल्या तलावांचं पाणी काठ सोडू लागतं. पळस पेटतो, पुढे मोह गळू लागतो आणि गळ घेऊन बसायचे दिवस येतात. फाल्गुनापासून चैत्राच्या मध्यापर्यंत हा हंगाम चांगला. पुढे इथलं ऊन माणसाला काठावर ठरू देत नाही.

हेच दिवस का, ते आधी समजून घ्या. अमेरिकेत मिनेसोटाचा राज्यमासा वॉलाय वसंतात अंडी घालतो, म्हणून तिथल्या तलावांवर मे महिन्याच्या मध्यापर्यंत त्याची मासेमारी बंद असते. आपल्याकडे मरळ, रोहू, मृगळ यांची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. त्यामुळे वसंतात गळ टाकायला हरकत नाही. पण आटलेल्या पाण्यात जे मासे उरलेत, तेच येत्या पावसाळ्याचं बियाणं आहेत. म्हणून मासा सहज लागत असला, तरी धरायचा तो मोजूनच.

साहित्य

• १० ते १२ फुटांची, शेंड्याला लवचीक अशी बांबूची काठी. मरळीसाठी चरखीची छोटी काठी असल्यास उत्तम
• ०.३० आणि ०.४० मि.मी. जाडीचं तंगूस
• लहान-मोठे आकडे, शिशाचे गोळे, तरंगायला बूच किंवा मोरपिसाची काडी
• रबरी बेडूक (खऱ्या बेडकाला हात लावू नका)
• गांडुळं, ओल्या मातीत ठेवलेली. कणीक, शेंगदाण्याची पेंड, थोडं भाजलेलं बेसन
• चिमटा, ओला गोणपाट, जाळीची झोळी
• टोपी, भरपूर पाणी, मीठ-साखर, बॅटरी

कृती

१. आधी परवानगी, मग पाणी. गावतलाव असो की मोठा जलाशय, त्यातल्या माशांवर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात आणि त्यात मत्स्यबीज सोडलेलं असतं. संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला विचारा, शुल्क असेल ते भरा. सीमेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या अमलनाला धरणावर जाणार असाल, तर तिथेही हाच नियम पाळा. कवल व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या पाण्याकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय फिरकू नका.

२. जाणता माणूस सोबत घ्या. संस्थेच्या सभासदांपैकी त्या तलावात वर्षानुवर्षं जाळं टाकणारा कुणी दादा किंवा मामा तयार होतो का, ते बघा. दिवसाची मजुरी आदल्या दिवशीच ठरवा. गाळ कुठे आहे, जुनी विहीर कुठे बुडाली आहे, कोणत्या खुंटात तंगूस अडकतं, हे त्यालाच ठाऊक असतं. तो गोंडी, तेलुगू, मराठी यांतलं काहीही बोलो, त्याने “इथं नको” म्हटलं की तिथे उतरायचं नाही.

३. गळ आदल्या रात्री बांधा. आकड्याला तंगूस ओवा, पाच-सहा वेढे द्या, टोक परत फासात घाला. गाठ आवळण्याआधी ती तोंडात धरून ओली करा. कोरडं तंगूस घासून तापतं, तिथेच कच्चं होतं आणि मोठा मासा नेमका तिथूनच तोडून जातो. शिसं आकड्यापासून वीतभर वर लावा. मरळीसाठी जाड तंगूस, बाकीच्यांसाठी बारीक.

४. उजाडायच्या आत काठावर पोचा आणि लगेच गळ टाकू नका. सकाळी पश्चिमेच्या काठाला उभे राहा, म्हणजे सावली मागे पडेल, पाण्यावर पडणार नाही. पाय आपटू नका, ओल्या काठावरून धप्पधप्प चालू नका. पाण्याकडे बघत थांबा. मरळ कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घेते, म्हणून तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावंच लागतं. शेवाळाच्या कडेला ‘गुळुक’ असा आवाज होतो, एक वर्तुळ उठतं आणि मागे बुडबुडा राहतो. तीच जागा मनात पक्की करा. लहान माशांची पळापळ दिसली, तर खाली शिकारी आहे असं समजा.

५. पहिला पहर मरळीचा. तेलंगणाने २०१६ मध्ये राज्यमासा म्हणून निवडली ती हीच, तेलुगूत कोरमीनू. रबरी बेडूक त्या जागेच्या चार-पाच हात पलीकडे टाका आणि शेवाळावरून सावकाश ओढत आणा. शेवाळात जिथे मोकळं पाणी दिसेल, तिथे तो थांबवा, जरासा हलवा, पुन्हा थांबवा. मरळ खालून झडप घालते आणि पाणी फुटतं. नवखा माणूस त्याच क्षणी झटका देतो आणि बेडूक रिकामा परत येतो. मनात एक-दोन म्हणा, तंगूस ताणलं जाऊ द्या, मग काठी वर उचला. एकदा आकडा रुतला की ढील देऊ नका. ढील मिळाली की ती शेवाळात शिरते आणि मग निघत नाही.

६. ऊन वर आलं की तरंग्याचा गळ. रोहू मधल्या पाण्यात चरतो, मृगळ तळाशी, कटला वरच्या थरात. आधी नुसतं शिसं सोडून खोली मोजा. मृगळासाठी आमिष तळाला टेकेल असा तरंगा बांधा, रोहूसाठी ते दीड-दोन वीत वर ठेवा. कणीक, पेंड आणि बेसन मळून बोराएवढी गोळी करा. ती पाण्यात विरघळेल इतकी सैल नको आणि आकड्याचं टोक झाकून बसेल इतकी घट्टही नको. हीच पेंड मूठभर आधी त्या जागी टाकून ठेवा.

तरंग्यावर नजर ठेवा. तो नुसता थरथरत असेल, तर मासा चाखतोय, थांबा. तो तिरपा सरकत बुडू लागला, की मनगटाने छोटा झटका द्या. कधी तो बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. तेव्हा माशाने तळातलं आमिष तोंडात घेऊन वर उचललेलं असतं. तेव्हाही झटका द्यायचाच.

७. अकरा ते चार आराम करा. भर उन्हात मासे खोल पाण्यात उतरतात आणि माणसाला ऊन लागतं. झाडाखाली बसा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट घ्या, गाठी तपासा. पकडलेले मासे ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. ओलावा राहिला, तर मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते. म्हणूनच ती बाजारात जिवंत विकली जाते.

८. दिवेलागणीला शिंगाळा. मिशांचा हा मासा उजेड उतरल्यावर तळाशी चरायला निघतो. तरंगा काढा, शिसं थोडं जड लावा, गांडुळांचा जुडगा आकड्याला ओवा आणि गळ जुन्या ओढ्याच्या खोलगट वाटेत सोडा. काठीच्या शेंड्यावर बोट टेकवून ठेवा. दोन-तीन हिसके जाणवले की उचला.

शिंगाळ्याला हात लावताना घाई करू नका. पाठीवरच्या आणि दोन्ही कल्ल्यांमागच्या परांना टणक काटे असतात. आधी ओला गोणपाट टाका, मग अंगठा एका बाजूच्या काट्यामागे आणि मधली बोटं दुसऱ्या बाजूच्या काट्यामागे घालून पकडा. आकडा चिमट्याने काढा. काटा लागलाच तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा आणि सूज चढली तर दवाखाना गाठा.

९. कोणता ठेवायचा, ते काठावरच ठरवा. वीतभरापेक्षा लहान मासा परत सोडा. पोट फुगलेली मोठी मादीही सोडा. तिच्याच पोटात तलावाचं पुढलं पीक आहे. सोडायच्या माशाला ओल्या हाताने धरा, कारण कोरड्या हाताला अंगावरचं बुळबुळीत आवरण लागून निघतं आणि मासा रोगाला बळी पडतो. फेकू नका, पाण्यात धरून ठेवा, शेपटी हलवून तो स्वतः निघाला की हात काढा. घरच्या माणसांना पुरेल एवढंच घ्या.

१०. साफसफाई आणि हिशेब. मरळ बुळबुळीत असते. राख आणि मीठ चोळून धुतली की सुरी घसरत नाही. खवलं काढा, पोट साफ करा, जाड तुकडे करा. चिंचेच्या कोळाचा तिखट रस्सा आणि ज्वारीची भाकर, एवढं पुरतं. पण त्याआधी जाणत्या दादाची मजुरी आणि त्याचा वाटा काठावरच द्या. तुटलेलं तंगूस वेचून घरी आणा. त्यात बगळ्या-बदकांचे पाय अडकतात.

हे कधीच करू नका

मोहाची पेंड किंवा दुसरं विष पाण्यात टाकणं, स्फोट करणं. मोहाच्या पेंडीने लहान-मोठा प्रत्येक मासा तडफडून वर येतो आणि तलाव रिकामा होतो. विष आणि स्फोटकं वापरून मासेमारी करायला १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. वसंतात पाणी कमी असतं, म्हणून हे पाप सगळ्यात सोपं होतं आणि सगळ्यात महागही पडतं. कुणी करताना दिसलं, तर संस्थेला लगेच कळवा.

मृगाच्या सरी आल्या की गळ गुंडाळा. नव्या पाण्यात मरळीची जोडी वनस्पतींमध्ये घरटं करते आणि तांबूस पिल्लांचा थवा निघाला की त्याखाली पहारा देते. तेव्हा राखणारी मरळ गळाला लावली, तर मागे उरलेली पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. पावसाळाभर त्यांना मोकळं सोडा आणि पुढल्या फाल्गुनात पुन्हा काठावर या.