अंथरुणावरचे म्हातारपण

खेड्यात म्हाताऱ्यांना माणसांचा आधार असतो, शहरात नसतो, असे आपण नेहमी ऐकतो. आम्हीही तेच म्हणत असू.

आमच्या थोरल्या वहिनी खेड्यात अंथरुणाला खिळल्या. मुलगा पोटासाठी पुण्याला. शेजारणी भाकरी आणीत, उशाशी बसून बोलत. माया पुष्कळ! पण कूस कोण बदलणार? पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. एकाच जागी भार पडला की तिथे रक्त पोचत नाही. आधी कातडी लाल होते. मग जखम होते. हे कोणाला ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते, मास्तर असून! वहिनींच्या कमरेला जखम झाली.

मुंबईत आमचे एक स्नेही असेच पडून आहेत. तिथे पगारी बाई आहे. ती घड्याळ बघून कूस बदलते, अंग पुसते. त्यांना जखम नाही. पण बोलायला कोणी नाही. समोरच्या बिऱ्हाडाला त्यांचे नावही माहीत नाही.

स्नेह्यांना पेन्शन आहे, म्हणून बाई परवडते. वहिनींना श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात. ही मदत ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी आहे. २०२३ साली ती महिना १,५०० रुपये झाली. एवढ्यात बाई कशी ठेवावी?

शेवटी नर्सबाईंनी शेजारणींना कूस बदलायला शिकवले. पाठीमागे उशी कशी लावायची तेही दाखवले. चौघींनी दिवसाच्या पाळ्या वाटून घेतल्या. रात्रीच्या पाळीला माणूस अजून मिळालेले नाही. तोवर आम्ही उभयता तिथे जाऊन राहिलो आहोत.