जुन्या ट्रॅक्टरची दुरुस्ती : काही चुका व त्यांचे धडे

नवा ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारी येतो तेव्हा त्याच्यापुढे नारळ फुटतो. जुना ट्रॅक्टर सिकंदराबादेच्या राणीगंजात येतो तो तुकड्यातुकड्यांनी : तेलकट फडक्यात गुंडाळलेला पिस्टन, झिजलेली क्लचप्लेट, आटे गेलेला एखादा बोल्ट. मृगाच्या सुमारास तर गिऱ्हाइकास उसंत नसते. काळ्या जमिनीचा वाफसा चार दिवसांचा. तेवढ्यात यंत्र चालू झाले नाही तर पेरणी हुकते. या घाईतच दुरुस्तीतील बहुतेक चुका जन्मास येतात, आणि त्यांपैकी पुष्कळशा मिस्त्रीच्या हातून नव्हे तर दुकानाच्या गल्ल्यापाशी घडतात, असे आमचे मत आहे.

प्रथम आट्यांचा घोळ पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने कांसगवताने ग्रासलेल्या जमिनी मोडण्यास लावले. १९४९ साली नव्या यंत्रांकरिता जागतिक बँकेचे १ कोटी डॉलरचे कर्जही मंजूर झाले. त्याच काळात इंग्लंडहून फर्ग्युसन येत होते. १९५९ साली फरिदाबादेस मूळ जर्मन घडणीचा आयशर तयार झाला. आपल्या देशात मेट्रिक मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तथापि जुनी यंत्रे आपापली मापे घेऊनच जगली. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टास इंचामागे १२ आटे असतात, अमेरिकन जाड आट्याच्या बोल्टास १३. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्यांस भेद दिसत नाही. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे सुखाने जातो, मग अडतो. मिस्त्री लांब दांड्याचा पाना लावतो आणि बिडाच्या खोक्यातील आटेच निघून येतात. एका किरकोळ बोल्टापायी सारे खोके लेथवर न्यावे लागते. आटे मोजण्याची पात्यांची गेज गल्ल्यावर ठेवली तर हा अनर्थ सहज टळतो.

याहून महाग चूक बेअरिंगची. क्रँक झिजला की तो घासून बारीक करतात : १० थाऊ, २० थाऊ, ३० थाऊ, म्हणजे इंचाचे तितके हजारांश. त्या मानाने बेअरिंगही जाड लागते. गिऱ्हाईक मात्र केवळ ‘फर्ग्युसनचे बेअरिंग’ मागतो, आणि दुकानातून मूळ मापाचे जाते. ते सैल बसते. मग बदलून आणण्यास वेळ नाही म्हणून पाठीमागे पातळ पत्र्याची पट्टी घालण्याची युक्ती निघते. ही युक्ती आम्हांस सर्वांत घातक वाटते. बेअरिंगची पाठ घरात नीट टेकली नाही की उष्णता बाहेर जात नाही, तेलाचा थर तुटतो, आणि ऐन नांगरटीत इंजिन जाम होते. क्रँक मायक्रोमीटरने मोजून, माप कागदावर लिहून आणल्यावाचून बेअरिंग देऊ नये. गिऱ्हाईक रुसला तरी चालेल. इंजिनाचा क्रमांकही विचारावा, कारण एकाच नावाच्या ट्रॅक्टरात निरनिराळी इंजिने बसविलेली आढळतात.

काही वेळा भाग विकण्याचेच कारण नसते. डिझेलचा फिल्टर बदलल्यावर नळ्यांत हवा राहते व इंजिन पेट घेत नाही. ते पाहून पंप बिघडला असे समजून तो उतरविला जातो. वास्तविक फिल्टरावरचा व पंपावरचा हवा काढण्याचा स्क्रू क्रमाने सैल करून बुडबुडे थांबेतो हातपंप मारला की बहुधा काम भागते. असा सल्ला दिल्याने एका दिवसाची विक्री जाते खरी!

शेवटची गोष्ट जिवाशी संबंधित आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांस मोटारीसारखी चौकट नसते. इंजिन व गिअरचे खोके एकमेकांस जोडूनच अंग बनते. म्हणून क्लचप्लेट बदलण्यास ट्रॅक्टर मधोमध दुभागावा लागतो. पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर डुलता असतो. मागचा आधार सुटताच इंजिनाचा अर्धा भाग कुशीवर कलंडू शकतो, आणि मिस्त्री त्याच वेळी खाली वाकलेला असतो. याकरिता बोल्ट सैल करण्यापूर्वी आस व इंजिनाचा पुढील आधार यांमध्ये दोन्ही बाजूंनी कठीण लाकडाच्या पाचरा ठोकतात व दोन्ही भागांखाली भक्कम टेकू देतात. नुसता जॅक पुरत नाही. क्लचप्लेट नेणाऱ्या गिऱ्हाइकास पाचरा आहेत काय, हे विचारावे. नसल्यास सुताराकडून तासाभरात करून मिळतात.