बटण दाबतो, संगणक ढिम्म!

प्रश्न : डेस्कटॉपवर लिनक्स मिंट, एक्सएफसीई आहे. पॉवरचं बटण दाबलं तर काहीच होत नाही, मेनूतलं 'सस्पेंड'ही चालत नाही. बटण बिघडलंय का?

उत्तर : बटणावर एवढ्यात आळ घेऊ नका. त्याच बटणाने संगणक सुरू होतो ना? मग वायर शाबूत आहे. शिवाय मेनूतल्या 'सस्पेंड'चा त्या वायरशी संबंधच नाही.

आधी टर्मिनलमध्ये 'सिस्टिमसीटीएल सस्पेंड' ही आज्ञा द्या. संगणक झोपला, तर दोष डेस्कटॉपकडे. 'मास्क्ड' असा शब्द आला, तर कुणीतरी झोपेची सोयच बंद केली आहे. सर्व्हरसाठीच्या सूचना घरच्या संगणकावर जशाच्या तशा वापरल्या की हे हमखास होतं. 'सिस्टिमसीटीएल अनमास्क'पुढे, संदेशात नाव आलेलं टार्गेट लिहून ते मोकळं करा.

पॉवर बटणाची गंमत वेगळी. त्याची दखल मुळात 'लॉगइनडी' ही सेवा घेते. पण एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर तिला सांगतो, 'तू थांब, मी बघतो.' मग त्याच्या सेटिंगमध्ये 'काहीच करू नका' असेल, किंवा तो स्वतःच अडकला असेल, तर बटणाला वाली कोण? 'सिस्टिमडी-इनहिबिट' ही आज्ञा चालवा. 'हँडल-पॉवर-की' कुणी अडवून धरलंय, ते नावानिशी दिसेल. सेटिंग बदला, लॉगआउट करून पुन्हा या.

तोवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरायची सवय नको. त्याने वीज थेट तुटते, न जतन केलेलं काम जातं.