दर्या, दऱ्या आणि संगणक

घोटीच्या दक्षिणेस कळसूबाईच्या रांगेत आहेत त्या दऱ्या; कसारा घाट उतरून मुंबईस गेल्यावर दिसतो तो दर्या. समुद्रातला ‘र’ रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर बसतो, दरीतला त्याला डावीकडून बिलगतो. हा भेद संगणकास मात्र शिकवावा लागला.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसविलेले असत. तो फाँट दुसऱ्या यंत्रात नसला, की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! म्हणजे मराठी दिसत होती, पण साठवलेली नव्हती.

१९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाण ठरविली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. तत्त्व असे, की अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवावीत व आकार मागाहून जुळवावा. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, पण साठवताना ‘क’ पहिला. वेलांटी पुढे आणून बसविण्याचे काम फाँट आणि जुळणीची आज्ञावली मिळून करतात.

आता आमच्या दऱ्या. र, हलन्त आणि य ओळीने दिले की रफार उमटतो. म्हणून दरीसाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेतात. कोणी साधा ‘र’ घेऊन हलन्तापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, आतले क्रमांक मात्र निराळे. एका रीतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द दुसऱ्या रीतीने शोधला, तर यादीत असूनही सापडेलच असे नाही. भाताच्या या मुलुखात ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

अक्षरे नीट उमटली तरी व्याकरण उरतेच. कार्यक्रम लिहिणारा एक जागा मोकळी ठेवून पुढे ‘आला’ असे कायमचे लिहून टाकतो. ‘अर्ज आला’ ठीक. पण मग ‘चिठ्ठी आला’, ‘पत्र आला’! आमच्या घरी इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. वडील मराठी मजकूर स्वतः वाचतात. असे काही आले की हसतात आणि फोन माझ्या हाती देतात. यासाठी वाक्ये आज्ञावलीत न गुंतवता वेगळ्या फायलीत अखंड ठेवतात, म्हणजे भाषांतरकाराला प्रत्येक लिंगासाठी निराळे वाक्य देता येते. हे काम विज्ञान शाखेच्या मित्रांवर सोडून आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी का बसावे, हे मला कळत नाही. लिंग, वचन आणि विभक्ती तर आपल्याच अभ्यासक्रमात आहेत.