एका पोरामागे पाच खाती

महिला व बालविकास खात्यात परिविक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. विधिसंघर्षग्रस्त मुलाचं एक प्रकरण म्हणजे पोलीस, शाळा, सिव्हिल हॉस्पिटल, बाल न्याय मंडळ आणि आम्ही. त्यातून उमगलेलं थोडं.

१. समन्वय बैठकीच्या इतिवृत्तापेक्षा ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर जास्त कामाचा. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला 24 तासांत मंडळापुढे न्यायचं आणि आम्हाला कळवायचं. पत्राने कळवलं तर ते पोचेपर्यंत पोरगं निरीक्षणगृहात. रात्रीच फोन आला, तर सकाळी मी त्याच्या आईला घेऊन मंडळात हजर असायचो. मोबाइलचोरीतला पोरगा त्याच दिवशी जामिनावर घरी जायचा.

२. वयाचा कागद आधी मिळवा. शाळेचा दाखला, नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी, हा क्रम कायद्यातच आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोराची शाळा दुसऱ्याच जिल्ह्यात निघते आणि मुख्याध्यापक म्हणतात, 'पोलिसांचं लफडं नको साहेब.' त्यांच्याशी वाद घालू नये. मंडळाचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जाऊ द्यावं, दाखला येतो.

३. सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत द्यायचा असतो. बरेच जण तो टेबलावर बसून लिहितात आणि शेवटी 'समुपदेशन करावे' असं टाकून मोकळे होतात. मला हे वाक्य सरकारी कागदातलं सर्वांत आळशी वाक्य वाटतं. संध्याकाळी, माणसं कामावरून परतल्यावर, वस्तीत जाऊन बसावं. गुन्हा एका ओळीत संपतो. घरचं मात्र संपत नाही. बापाचा क्षय अर्धवट उपचारावर, रेशनकार्डातून नावं गळालेली, पोराचं नाव शाळेच्या पटावरून गेलेलं. यातलं एकही काम आमच्या खात्याचं नाही. म्हणून मी शिफारशीत कोणत्या कचेरीने काय करायचं ते नावानिशी, तारखेसह लिहायचो. मंडळाने तेच आदेशात घेतलं की तहसीलचा कारकूनही हलायचा.

४. गणपतीत आणि निवडणुकीत तारखा मागू नयेत. निरीक्षणगृहातून मुलाला आणायला पोलीस मिळत नाहीत, सगळे बंदोबस्तात.

५. प्रकरण निकाली निघाल्यावर सगळी खाती हात झटकतात, आणि खरी गाठ पुढे पडते. पोरगा विशीत येतो, सुरक्षारक्षकाची नोकरी लागते, चारित्र्य पडताळणीसाठी अर्ज ठाण्यात जातो. निकाली प्रकरणाची नोंद अशा दाखल्यासाठी उघड करायची नाही, असं बाल न्याय कायद्याचं कलम 74 सांगतं. पडताळणीच्या टेबलावरच्या शिपायाला ते ठाऊक असेलच असं नाही. म्हणून मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत आईकडे देताना त्या कलमाखाली पेनाने रेघ मारून द्यायचो आणि सांगायचो, 'रेशनकार्डाजवळ ठेवा. कुणी अडवलं तर पोराला नाही, हा कागद पुढे करा.'