जलतरणपटू कसा घडतो ?

‘मुलगा उपजतच गुणी आहे’ हा शेरा शाळांतून सहज दिला जातो. तो कितपत ग्राह्य मानावा, हे पाहण्यास जलतरणाचे क्षेत्र सोयीचे. कारण तेथे गुणवत्ता घड्याळानेच मोजली जाते.

डॅनियल चँब्लिस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने जलतरणपटूंच्या सहवासात अभ्यास करून १९८९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. श्रेष्ठ पोहणारे केवळ अधिक तास पोहत नाहीत, ते निराळ्या रीतीने पोहतात, असे त्यास आढळले. हाताचा वल्हा, भिंतीशी घ्यावयाचे वळण, आहार, झोप यांपैकी एकही गोष्ट अलौकिक नव्हे. त्या सर्व रोज बिनचूक करणे हेच विरळा. मेरी माहर हिने किशोरवयात विश्वविक्रमाचा निश्चय केला, तेव्हा दोनच गोष्टी बदलल्या : सरावास वेळेवर येणे आणि प्रत्येक वळणावर नियमाप्रमाणे दोन्ही हातांनी भिंतीस स्पर्श करणे. १९७९ मध्ये तिने २०० मीटर फुलपाखरू प्रकारात विश्वविक्रम केला. (उंची व शरीराची ठेवण यांचे साह्य निबंधकार काहीसे कमी लेखतो, हेही नमूद केले पाहिजे.)

सवयी संगतीने जडतात. कोल्हापूरचे वीरधवल खाडे हे बंगळूर येथे निहार अमीन यांच्या हाताखाली तयार झाले. २००८ मध्ये ते बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरले, आणि २०१० मध्ये ग्वांगझू येथे त्यांनी ५० मीटर फुलपाखरू प्रकारात कांस्यपदक मिळविले. आशियाई क्रीडास्पर्धांत भारतास जलतरणाचे पदक २४ वर्षांनी लाभले. पुढे ते तहसीलदार झाले. तरीही २०१८ मध्ये जाकार्ता येथे ५० मीटर मुक्त प्रकारात त्यांचे पदक अवघ्या ०·०१ सेकंदाने हुकले. एवढा काळ एखाद्या ढिल्या वळणातही सहज निघून जातो.

परंतु सवय जडण्यापूर्वी पाणी मिळावे लागते. जोगेश्वरीच्या टेकड्यांवरील दाट वस्तीत राहणाऱ्या मुलास महापालिकेचा तलाव एक स्थानक पलीकडे, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात आहे. प्रवास, शुल्क आणि सोबत येण्यास मोकळे वडीलधारे माणूस या तिन्हींची जुळणी न झाल्यास तो पाण्यात उतरतच नाही. अशा मुलाच्या ठायी गुण नाही, असे कोणत्या आधारे म्हणावे ?

कोरड्या मैदानावरही शिक्षकांस हा प्रयोग करता येईल. कवायतीच्या तासास प्रत्येक मुलाची एकच लहानशी चूक हेरावी, ती दाखवावी, आणि ‘हुशार’ वा ‘सामान्य’ असा शेरा न लिहिता ती सुधारल्याची तारीख नोंदवहीत लिहावी.