सायकलच्या हँडलवरचा वाटाड्या

बेळगावहून निपाणीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हा सायकलस्वाराच्या दमाची परीक्षा पाहणारा रस्ता आहे. काकती मागे पडली की वंटमुरीचा घाट लागतो. पुढे सुतगट्टी, यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर अशी गावे येतात आणि कणगल्यानंतर तवंदीचा घाट उतरून, स्तवनिधीचे जैन तीर्थक्षेत्र ओलांडून निपाणी गाठता येते. हे अंतर सुमारे ७५ किलोमीटरांचे. पूर्वी या परिसरात सायकल दिसे ती दुधाच्या कॅनची, पोस्टमनची किंवा तंबाखूच्या वखारीकडे निघालेल्या कामगाराची. २००६-०७ पासून कर्नाटक शासनाने आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली दिल्या, तेव्हा खेड्यापाड्यांतील मुलामुलींच्या हाती ती आली. अलीकडे त्यात आणखी एका वर्गाची भर पडली आहे. रविवारी पहाटे हेल्मेट घालून पन्नास-शंभर किलोमीटरांची फेरी मारणारे शिक्षक, डॉक्टर, बँकेतील कर्मचारी आणि महाविद्यालयीन तरुण आता या रस्त्यांवर नित्य भेटतात.

या मंडळींच्या हँडलवर आगपेटीहून थोडे मोठे असे एक यंत्र बसविलेले असते. वेग, अंतर, चढ आणि वाट दाखविणाऱ्या या यंत्रास जी.पी.एस. सायकल संगणक म्हणतात. ते पाहून घरातील मुलगा तसेच यंत्र मागू लागतो, किंमत वीस-पंचवीस हजारांच्या घरात असल्याचे समजते आणि वडिलांपुढे प्रश्न उभा राहतो. सायकलीहून यंत्र महाग, असा हा व्यवहार! तेव्हा दुकानातील माहितीपत्रक उघडण्यापूर्वी आपल्या नित्याच्या रस्त्याचा विचार करणे इष्ट ठरते. यंत्राची निवड रस्त्यावरून व्हावयास हवी, माहितीपत्रकावरून नव्हे.

यंत्राचे कार्य कसे चालते हे प्रथम पाहू. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जी.पी.एस.चे उपग्रह अखंड वेळेचे संदेश पाठवीत असतात. संदेश निघाल्याची व पोहोचल्याची वेळ यांतील फरकास प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. तीन उपग्रहांवरून स्थान कळावे, परंतु हँडलवरील यंत्राचे घड्याळ उपग्रहातील अणुघड्याळाइतके अचूक नसते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. ही चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. अमेरिकेच्या या यंत्रणेत नागरी वापरासाठी मुद्दाम राखलेला ढोबळपणा मे २००० मध्ये काढून टाकण्यात आला आणि त्यानंतरच ही विद्या सामान्य प्रवाशाच्या खऱ्या उपयोगाची झाली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या यंत्रणांचे संदेशही आजची बहुतेक यंत्रे घेतात. भारताची स्वतःची यंत्रणा म्हणजे ‘नाविक’. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला, आणि तिचे केंद्र आपल्याच राज्यात, बंगळूरजवळ ब्यालाळू येथे आहे. यंत्र नाविकचे संदेश घेते काय, हे दुकानदारास जरूर विचारावे. मात्र घेत नसले म्हणून सायकलस्वाराचे काही अडत नाही.

आता रस्त्याकडे वळू. शाळेत, शेतावर वा कचेरीत जाणाऱ्यास आणि ठरलेल्या रस्त्यावरून व्यायाम करणाऱ्यास जी.पी.एस.ची मुळीच गरज नाही. त्याच्यासाठी चाकाच्या आरीला लोहचुंबक व पुढच्या फोर्कला सेन्सर लावलेले साधे वेगमापक यंत्र पुरेसे आहे. ते हजार-दीड हजारांच्या आत मिळते व एका बटणसेलवर महिनोन् महिने चालते. जपानमधील ओसाकाची कॅटआय आणि जर्मनीची सिग्मा या कंपन्या अशा यंत्रांसाठी प्रसिद्ध आहेत. चाकाचा एक फेरा झाला की चुंबक सेन्सरसमोरून जातो आणि यंत्र परिघाएवढे अंतर मोजते. झाडांची दाटी असो की डोंगराची कपार, त्याची मोजणी चुकत नाही. घाटातील नागमोडी वळणांवर तर ते अंतराच्या बाबतीत उपग्रहापेक्षाही सरस ठरते, कारण उपग्रहाचे यंत्र ठिकठिकाणचे बिंदू सरळ रेघेने जोडते व वळणाचा काही भाग हरवतो.

अट एकच, परीघ बिनचूक भरलेला असावा. येथे गणिताच्या शिक्षकांना एक उत्तम पाठ सापडेल. शाळेच्या पटांगणात चाकाच्या तळाशी टायरवर आणि त्याच ठिकाणी जमिनीवर खडूने खूण करावी. विद्यार्थ्याला सायकलवर बसवून दोघांनी ती सरळ रेषेत ढकलावी व चाकाचे तीन फेरे पूर्ण झाले की जमिनीवर दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतरास तीनने भागले की परीघ मिळतो. स्वार बसलेला असणे आवश्यक आहे, कारण त्याच्या भाराने टायर दबतो व परीघ थोडा घटतो. हे न करता पुस्तिकेतील आकडा भरला तर काय होते? शर्यतीच्या सायकलींसाठी पुस्तिकांत २,१०५ मिलिमीटर हा आकडा वारंवार आढळतो. आपल्या जुन्या, मोठ्या चाकाच्या सायकलीचा परीघ २,२०० मिलिमीटर भरला आणि यंत्रात २,१०५ घातले, तर बेळगाव-निपाणीचे ७५ किलोमीटर यंत्रावर ७२ सुद्धा भरणार नाहीत. महामार्गावरील किलोमीटरचे दगड पाहून हा ताळा कोणासही घेता येईल.

दुसरा वर्ग लांब पल्ल्याच्या स्वारांचा. पॅरिसच्या ओदाक्स क्लबच्या नियमांनुसार भारतातही ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेऱ्या होतात. त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ४०० किलोमीटर सत्तावीस तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करावे लागतात. येथे बॅटरीचे बळ हा निवडीचा पहिला निकष होय. कंपनी सांगते ते तास अनुकूल परिस्थितीतील असतात. नकाशा सतत उघडा, पडद्याचा दिवा लावलेला, सोबत हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा जोडलेला, अशा वेळी ते बरेच घटतात. म्हणून जितक्या तासांची फेरी, त्याच्या दीडपट तास सांगणारे यंत्र घ्यावे. किंवा चालू असतानाच पॉवर बँकेवरून भारित होणारे घ्यावे व पावसात त्या तोंडाशी पाणी शिरणार नाही अशी तजवीज करावी. यंत्रावर ‘आयपीएक्स ७’ असा शिक्का असेल तर ते एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकते असा त्याचा अर्थ. पश्चिम घाटाच्या पावसात याहून कमी प्रतीचे यंत्र नेऊ नये.

चढाची आवड असणाऱ्यांनी यंत्रात वायुभारमापक आहे काय हे पाहावे. नुसत्या उपग्रहावरून काढलेली उंची ढोबळ असते. बेळगावच्या उंचीवर वायुभार एक मिलिबारने उतरला की आपण सुमारे नऊ मीटर वर चढलो, असे हे यंत्र समजते. पण वायुभार केवळ चढल्याने उतरत नाही. आपल्या उष्ण प्रदेशात तो रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो, आणि हा फरक तीन मिलिबारांच्या आसपास भरतो. म्हणजे सकाळी झाडाखाली टेकवून ठेवलेली सायकल दुपारी पाहावी तर ती जागच्या जागी पंचवीस-तीस मीटर ‘चढलेली’ असते! यावर उपाय सोपा आहे. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. फेरीच्या प्रारंभी तेथे उभे राहून ती यंत्रात भरावी. सांबरा विमानतळाची उंची ७५८ मीटर आहे, एवढे लक्षात ठेवले तरी बेळगावात यंत्र किती भरकटले आहे याचा अंदाज येतो.

तिसरा वर्ग अनोळखी वाटांचा. नकाशाची खरी गरज येथेच पडते. महामार्गावर डावे-उजवे सांगण्याजोगे काही नसते. परंतु जांबोटीस पोहोचल्यावर एक वाट खानापूरकडे व दुसरी कणकुंबी-चोर्ल्याकडे फुटते, आणि पुढे दाट जंगल आहे. स्वस्त यंत्रांत केवळ आधी आखून भरलेल्या मार्गाची रेघ दिसते, आजूबाजूचे रस्ते दिसत नाहीत. रेघ सोडली की आपण चुकलो एवढेच कळते, परतावे कसे ते कळत नाही. पूर्ण नकाशा असलेली यंत्रे अमेरिकेतील गार्मिन व वाहू, तैवानची ब्रायटन, चीनची आयजीपीस्पोर्ट इत्यादी कंपन्या तयार करतात. रेघेची यंत्रे काही हजारांत मिळतात, तर उत्तम नकाशाची वीस हजारांच्या पुढे जातात. वर्षातून दोनदाच अनोळखी वाटेने जाणाऱ्याने रेघेचे यंत्र घ्यावे आणि नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून, मोबाइल बंद करून खिशात ठेवावा. पैशाची ही बचत योग्य आहे.

सीमाभागात नावांचा घोळ विशेष. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जुन्या नकाशांत ‘बेळगाम’ असेच शोधावे लागते. नुसते ‘खानापूर’ असे शोधल्यास सांगली जिल्ह्यातील खानापूरही पुढे येते. काही यंत्रांवर तर देवनागरी वा कन्नड अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. म्हणून दुकानातच आपल्या गावाचे नाव शोधून पाहावे व ते वाचता येते की नाही याची खात्री करून घ्यावी. यंत्र दुकानाबाहेर, उन्हात नेऊन पाहण्यासही संकोच करू नये. आतल्या दिव्याखाली झळकणारा पडदा उन्हात अनेकदा काळा पडतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. निपाणी, चिकोडी परिसरात वेदगंगा, दूधगंगा व कृष्णा या नद्यांवर कमी उंचीचे पूल व बंधारे आहेत. भोज-कारदगा, कल्लोळ-यडूर यांसारखे मार्ग पावसाळ्यात पुराखाली जातात. यंत्रातील नकाशाला पाण्याची वार्ता नसते. तो सर्वांत जवळची वाट म्हणून त्याच पुलावरून रेघ ओढतो आणि ती रेघ जुलैत आणि जानेवारीत सारखीच दिसते. रेघेवर विश्वास ठेवून पाण्यात सायकल घालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. पावसाळ्यात निघण्यापूर्वी पलीकडच्या गावातील ओळखीच्या माणसास दूरध्वनी करावा, किंवा ग्रामपंचायतीत वा पोलीस ठाण्यात विचारावे. १९२३ साली मुंबईहून सायकलीवर जगाच्या फेरीस निघालेल्या तरुणांपैकी तिघे १९२८ साली सुखरूप परतले. त्यांच्यापाशी उपग्रह नव्हते. वाटेतील माणसांना विचारण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हते.

तीच गोष्ट अपघाताच्या सूचनेची. पडल्यावर घरी आपोआप निरोप पाठविणारी यंत्रे आहेत, अशी जाहिरात असते. परंतु हा निरोप यंत्र स्वतः पाठवीत नाही, खिशातील मोबाइलमार्फत पाठविते. जेथे मोबाइलला रेंज नाही तेथे निरोपही नाही, आणि कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंज मध्येच जाते. या सोयीसाठी जादा पैसे मोजून निर्धास्त होणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. त्या रस्त्याने एकट्याने जाऊ नये. कोणत्या वेळी कोठे पोहोचणार हे घरी कागदावर लिहून ठेवावे. आणि रेंज असेल तेथे ११२ हा क्रमांक लावावा.

उपग्रहामार्फत थेट निरोप पाठविणारी वेगळी यंत्रेही परदेशात मिळतात. परवान्याशिवाय ती भारतात बाळगणे गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रासह प्रवाशांना अडविण्यात आल्याचे प्रकार घडले आहेत. परदेशातील मुलगा वा भाऊ भेट म्हणून यंत्र आणणार असेल, तर त्यास केवळ संदेश घेणारे, पाठविणारे नव्हे, असेच यंत्र आणावयास सांगावे. त्याची हमी भारतात चालते काय, हेही आधी विचारून घ्यावे.

फेरी संपली की यंत्रातील मार्ग इंटरनेटवर सर्वांस दाखविण्याची आता रीत पडली आहे. स्ट्राव्हा या अमेरिकी कंपनीने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर जगभरातील लष्करी तळांमधील जवानांच्या धावण्याच्या वाटा उजळून दिसल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आले होते. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र व छावणी आहे, सांबऱ्यास वायुसेनेचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्या परिसरातील फेरी खासगी ठेवावी. आपल्या घराभोवतीचे काही शे मीटरही झाकून ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती न वापरल्यास महागडी सायकल कोणत्या दारात उभी असते आणि घरधनी किती वाजता बाहेर पडतो, हे चोरास घरबसल्या समजते.

ऊस तोडणीच्या हंगामात, साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च, संकेश्वर-निपाणी भागात दिवे नसलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या अंधारातही रस्त्यावर असतात. त्या दिवसांत पहाटे निघणाऱ्याने यंत्राचा पडदा केवळ वेग व अंतर एवढ्या दोनच आकड्यांवर ठेवावा, बाकीचे घरी आल्यावर पाहावे. आणि हजार रुपये शिल्लक असतील तर ते आधी मागच्या लाल दिव्यावर खर्च करावेत.